आईआप्पांच्या लग्नाचा पास

हिंदुराव पास घेऊन आले आणि घरात न शिरता उंबऱ्यावरच बसले, तेव्हाच काहीतरी बिनसल्याचं केराबाईने ओळखलं. आपला नवरा उंबऱ्यावर बसणाऱ्यातला नव्हे, हे तिला ठाऊक होतं. मिशनच्या शाळेतले मास्तर, ख्रिस्ती मंडळीतले पंच, बसायचं तर खुर्चीत आणि तेही पाठ ताठ करून. आज मात्र चपला पायात तशाच, काळी टोपी मांडीवर, आणि नजर रस्त्यावरच्या धुळीत.

"काय ओ? पास मिळाला न्हाई?"

"मिळाला."

"मग देवाची स्तुती करा की! कुणी मेल्यागत तोंड का केलंय?"

"प्रार्थनेचा नाही मिळाला," हिंदुराव म्हणाले. "लग्नाचा मिळाला."

केराबाईने परातीतलं पीठ तसंच सोडलं आणि पदराला हात पुसत बाहेर आली. घरात लग्नाचं कुणीच नव्हतं. मोठं जोडपं म्हणजे सासूसासरे, मधलं म्हणजे ती आणि हिंदुराव, आणि धाकटा दीर ज्ञानू, ज्याने स्वराज्य मिळेपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही असं सांगून तीन ठिकाणच्या सोयरिकी परत पाठवल्या होत्या.

"कुणाचं लगीन?"

हिंदुरावांनी घाम पुसला. "आत चल, सांगतो."

सोलापुरात लष्करी कायदा लागला तेव्हापासून या घरात कुठल्याच गोष्टीला सरळ उत्तर मिळेनासं झालं होतं. नाक्यानाक्यावर शिपाई बंदुका घेऊन उभे. चार माणसं एकत्र दिसली की हाकलायचे, आणि पांढरी गांधी टोपी दिसली की आधी टोपी उडायची आणि मग माणूस गाडीत. नेमकं त्याच्या आदल्याच आठवड्यात ज्ञानूने शपथ घेतली होती, की ही टोपी आता डोक्यावरून आपल्या हाताने उतरवणार नाही. झालं! टोपी घालून बाहेर पडावं तर तुरुंग, टोपी काढून पडावं तर शपथ मोडते. गिरणीतला हा तगडा गडी तेव्हापासून मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता, टोपीसकट. जेवायचा टोपी घालून, निजायचा टोपी घालून. इंग्रज सरकारला त्याच्यापासून काडीचा त्रास नव्हता; सगळा त्रास केराबाईला होता.

कारण दोघा भावांचं बोलणं बंद झालं होतं. संध्याकाळच्या घरगुती प्रार्थनेला हिंदुराव म्हणाले, देवापुढं डोकं उघडं करावं. ज्ञानू म्हणाला, आप्पांचा फेटा चालतो तर माझी टोपी का चालत नाही? हिंदुराव म्हणाले, फेटा हा पोशाख आहे, टोपी हा हट्ट आहे. ज्ञानू म्हणाला, तुमची भक्ती न्हाई बोलायली, तुमची नोकरी बोलायली. त्या दिवसापासून एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसून दोघे केराबाईच्या तोंडून भांडत होते.

आणि मग ज्ञानूने जाहीर केलं, की सोमवारी सकाळी मी टोपी घालून रस्त्यावर जाणार, मग काय व्हायचं ते होऊ दे.

सासूबाई, सोजरबाई, तेव्हा तांदूळ निवडत होत्या. त्या रडल्या नाहीत, अडवलंही नाही. नुसत्या म्हणाल्या, "जा. पर जायच्या आदी दोगं भाऊ प्रभूच्या मेजावर बसायचं. येका भाकरीतलं खायाचं. तुला परत बघीन का न्हाय ते देवाला ठावं, पर तुमी दोगं असं तोंड फिरवून सुटलेलं मला चालायचं न्हाय."

आता ज्ञानू देवळात जाणार कसा? रस्ता ओलांडेपर्यंतच धरला असता. तेव्हा मंडळीच्या पाळकसाहेबांनी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावानं घ्यायची भाकर आणि द्राक्षरस, घरी आणायचं ठरलं. चार जण घरात जमायचे म्हणजे पास पाहिजे. त्या पासासाठी हिंदुराव गेले होते.

मधल्या खोलीत सगळे गोळा झाले. हिंदुराव खुर्चीत, ज्ञानू भिंतीशी, आणि केराबाई मधोमध, रोजच्यासारखी.

"सांगा आता," ती म्हणाली.

"कचेरीत पासाच्या खिडकीपाशी आपला कल्लप्पा शिपाई आहे," हिंदुराव म्हणाले. कल्लप्पा म्हणजे शेजारचा, अक्कलकोटकडचा. "तो कानाशी लागून म्हणाला, 'मास्तर, प्रार्थना म्हणू नका. भजनाच्या नावानं लोक सभा भरवत्यात म्हणून साहेब खवळलाय. लग्न म्हणा. लग्नाला न्हाई म्हणत न्हाई.' मी त्याला सांगणार होतो की मी खोटं बोलणारा माणूस नाही. तेवढ्यात आतल्या कारकुनानं लेखणी टेकवून विचारलं, वर कोण? मागून लोक रेटतायत, बाजूला तो गोरा सोजीर बंदूक धरून. माझ्या डोक्यात काहीच येईना. नवरा-बायको म्हणून जे पहिलं जोडपं डोळ्यांपुढं आलं त्यांची नावं सांगितली."

"कुणाची?"

"धोंडीराम," हिंदुराव बारीक आवाजात म्हणाले. "आणि सोजरबाई."

मग ज्ञानूच्या छातीतून एक आवाज निघाला, जो त्याने खोकल्यावर नेला.

"वैनी," तो म्हणाला, "त्यांला इचारा, वय सांगितलं का?"

"सांगितलं," हिंदुराव थेट बायकोकडं बघत म्हणाले. "खरं तेच सांगितलं. कारकून मान वर करून म्हणाला, 'लई उशीर केला.' आणि शिक्का मारला."

केराबाईला हसू आवरेना. पण नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघून तिने ते गिळलं. हिंदुराव खरोखर हादरले होते.

"मग झालं की," ती समजुतीने म्हणाली. "उद्या पाळकसाहेब येतील, प्रार्थना करू, भाकर घेऊ. कुणी इचारलं तर पास दाखवू. कोण बघायलंय आत काय चाललंय?"

"देव बघतोय!" हिंदुराव उठलेच. "पासावर माझी सही आहे. मी खोटी साक्ष दिली. शाळेत पोरांना दहा आज्ञा पाठ करून घेतो तो मी! त्या मेजावरची भाकर मी कोणत्या तोंडानं घेऊ? नाही. पासावर लग्न लिहिलंय ना, मग लग्न झालंच पाहिजे."

आता यावर दुसऱ्या कुठल्याही घरात माणसाला थंड पाणी दिलं असतं आणि निजवलं असतं. पण हे घर मंडळीतल्या पंचाचं होतं. इथे खोटं बोलण्यापेक्षा म्हाताऱ्या आईबापाचं लग्न लावणं सोपं वाटत होतं.

"म्हंजी मी परत लगीन करू?" सोजरबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "आणि ह्यांच्याशीच?"

"आई! दुसऱ्या कुणाशी कसं—"

"न्हाय, करायचंच हाय तर इचारून बघितलं."

मागच्या दारातून धोंडीराम आत आले. उभा जन्म त्यांनी मोहोळपासून वेळापूरपर्यंत खेडोपाडी डफ वाजवून, गाणी म्हणून सुवार्ता सांगितली होती. आवाज अजून असा खणखणीत, की कुजबुजले तरी गल्लीला कळायचं. "कुणाचं लगीन हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमचं," केराबाई म्हणाली. "उद्या दुपारी. आत्याबाईंशी."

म्हाताऱ्याने एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा मुलाकडं पाहिलं. का, कशाला, असलं काही विचारलं नाही.

"मग दाढी करून येतो," ते म्हणाले आणि आल्या पावली गेले.

पाळकसाहेबांची समजूत घालायला मात्र संध्याकाळ गेली. हरिबा पाळक भित्रे नव्हते, पण पुस्तकात नाही ते करायला त्यांचा हात चालत नसे. "विवाहित माणसांचा विवाह कुठल्या पुस्तकात आहे?" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. हिंदुरावांनी युक्तिवाद केला, की आईआप्पांचं लग्न नातेपुत्याच्या बाजूला जुन्या रीतीनं झालं, तेव्हा दोघांचा बाप्तिस्मा व्हायचा होता; मंडळीपुढं वचन असं त्यांनी कधी दिलंच नाही. ते राहून गेलेलं वचन आता घ्यायला काय हरकत? पाळकसाहेबांनी डोकं खाजवलं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, खरं सांगू का? कायदा लागल्यापासून मी रिकाम्या बाकड्यांपुढं उभा राहतोय. म्हातारी माणसं शिपायांच्या भीतीनं येत नाहीत, पोरं टोपीपायी येत नाहीत. एका घरात जरी मेज मांडता आलं, तरी मी त्यासाठी कुणाचंही लग्न लावीन." त्यांचे डोळे भरून आले होते. केराबाईने त्यांना चहा दिला.

रविवारी सकाळपासून तिची धांदल उडाली. द्राक्षरसासाठी मनुका भिजवून ठेवल्या होत्या त्या कुस्करून गाळल्या. पावाची भट्टी बंद, म्हणून तिने ज्वारीच्या कडक भाकरी केल्या. प्रभूने गहू पाहिजे असं काही सांगितलेलं तिला आठवत नव्हतं. तेवढ्यात कल्लप्पाची बायको गुरम्मा वाटीत हळद कालवून हजर.

"अय्यय्यो, मला कुणी सांगितलंच न्हाई की!" ती ओरडली. "आमचे हे रातच्याला सांगितले. भाळ चलो आतु, लई चांगलं झालं! कुटं हाय नवरी?"

हिंदुराव आडवे आले. "गुरम्मा, आमच्यात उपासनेला हळद—"

"मास्तर, पासावर काय लिवलंय? लगीन. बिनहळदीचं लगीन पोलिसाला खरं वाटंल का?"

पंच बाजूला सरले. गुरम्माने सोजरबाईंच्या गालांना, हातांना, पायांना हळद फासली. म्हातारी आधी "आगं सोड, काय हे!" म्हणत राहिली, मग गप्प बसून लावून घेऊ लागली, आणि मग केराबाईने पाहिलं की ती हसतेय. पोरीसारखी, तोंडावर हात ठेवून. सासूला असं हसताना केराबाईने या घरात आल्यापासून पाहिलं नव्हतं. तिला उगाचच भरून आलं.

दुपारी हवालदार बिरप्पा आला. पासाबरोबर एक पोलीस यायचा, अशी अट होती. तो घामाघूम, वैतागलेला, बंदूक काखेत. त्याने पास उलगडून मोठ्यांदा वाचला: मंडळींनी लग्नासाठी जमावं, भाषण करू नये, लग्न लागल्याबरोबर पांगावं.

"नवरी कुटं हाय?"

"मीच की," सोजरबाई म्हणाल्या.

"आज्जी, थट्टा करू नगा. सरकारी काम हाय."

"थट्टा कुटं करायले? वय वाच की खालचं."

बिरप्पाने वय वाचलं. हळद लावलेल्या म्हातारीकडं पाहिलं. नुकती दाढी केलेल्या, मिशीला तेल लावलेल्या, नवा फेटा बांधलेल्या म्हाताऱ्याकडं पाहिलं. मग तो तिथल्या स्टुलावर बसला.

"पासावर हाय म्हंजी हाय," तो म्हणाला. "आमचं काय जातंय?" आणि त्याची नजर ज्ञानूवर गेली. तो ताडकन उभा राहिला. "आणि ही टोपी?"

ज्ञानू हलला नाही. केराबाईच मध्ये गेली. "हवालदार, कायदा रस्त्याचा हाय. हे घर हाय."

बिरप्पाने उंबऱ्याकडं पाहिलं, टोपीकडं पाहिलं. "बरं. उंबऱ्याच्या आत मला काय बी दिसत न्हाई. पर पाय भायेर पडला, की दिसंल. ध्येनात ठेवा."

"उद्या सकाळी दिसंल," ज्ञानू म्हणाला.

"उद्याची डूटी दुसऱ्याची हाय," बिरप्पा म्हणाला आणि पुन्हा बसला.

मेजावर पांढरं कापड, त्यावर भाकरीची ताटली आणि द्राक्षरसाचा प्याला. मेजाच्या एका टोकाला हिंदुराव, दुसऱ्या टोकाला ज्ञानू, दोघांची तोंडं दोन भिंतींकडं. पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं. तू, धोंडीराम, या स्त्रीला आपली बायको म्हणून—

"व्हय!" धोंडीराम गरजले. गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

"प्रश्न पुरा होऊ द्या, आप्पा."

"हुं द्या. माझं उत्तर तेच हाय."

पाळकसाहेब सोजरबाईंकडं वळले. तू, सोजरबाई, या पुरुषाला आपल्या राजीखुशीने आपला नवरा म्हणून पत्करतेस काय?

सगळे थांबले. सोजरबाईंनी हळदीच्या हातांनी पदर सारखा केला.

"जरा इच्यार करते," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेबांच्या हातातलं पुस्तक मिटलं. हिंदुराव पांढरे पडले. "आई, अगं विचार कसला त्यात?"

"का? पाळकसाहेबांनी राजीखुशीनं का, असं इचारलंय नव्हं? माज्या लग्नात मी मामाच्या कडंवर निजले हुते. अक्षता आंगावर पडल्या तवा जागी झाले आणि भोकाड पसरलं. मला कुणी काय इचारलं न्हाय. आज पयल्यांदा कुणीतरी इचारलंय, आणि ते बी घाईनं सांगू?"

"आगं, सगळा जल्म गेला की आपला!" धोंडीराम कळवळून म्हणाले. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज एकदम बारीक झाला होता. "लेकरं झाली. चार गेली. उपास काढलं. आता कसला इच्यार?"

"त्याचाच तर करायले," सोजरबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मग त्या दाराकडं वळल्या. "हवालदार, मी व्हय म्हनले की काय हुतंय?"

"लगीन लागलं," बिरप्पा म्हणाला. "मंडळी पांगली."

"आणि म्हनले न्हाय, तर?"

बिरप्पाने पास काढला. पुढून वाचला, मागून बघितला. मागे काहीच नव्हतं. "मग... लगीन चालूच हाय की."

"बरं," सोजरबाई म्हणाल्या. "पाळकसाहेब, भाकर मोडा."

आत्ता कुठे केराबाईच्या ध्यानात आलं. हवालदाराने पास वाचल्यापासून सासू विचार करत होती तो याचाच! वचन आधी झालं असतं तर भाकरीला हात लागायच्या आत बिरप्पाने सगळ्यांना उठवलं असतं. केराबाईला त्या क्षणी म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

पण पाळकसाहेबांनी भाकर उचलली नाही. "मोडतो," ते म्हणाले. "पण ज्याच्या मनात भावाविषयी काही आहे, त्यानं आधी समेट करावा आणि मग या मेजापाशी यावं. ही रीत मला मोडता येणार नाही."

सगळे दोघा भावांकडं पाहू लागले. भाऊ भिंतींकडं.

"वैनी, त्यांला सांगा," ज्ञानू म्हणाला, "मी आपल्या हातानं टोपी काढनार न्हाई. शपथ हाय."

"त्याला सांग," हिंदुराव म्हणाले, "प्रभूच्या मेजापुढं डोकं उघडंच पाहिजे."

"मी आता कुणाला काही सांगनार न्हाई," केराबाई म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिला तो आवरेना. "इतके दिस माझ्या तोंडून भांडलाव. भाकरी थापू का निरोप देऊ? उद्या ह्यो जानार, परवा तुमी मला म्हणनार, ज्ञान्याला एवढं सांग. कुटं जाऊन सांगू? तुरुंगाच्या भिंतीला?" आणि ती चक्क रडायला लागली, हवालदारासमोर.

तेव्हा धोंडीराम पुढे आले. त्यांनी डोक्यावरचा फेटा उचलला आणि मेजाखाली ठेवला. साहेबापुढं, सभेत, देवळात, बाप्तिस्म्याच्या वेळीदेखील त्या माणसाने फेटा काढला नव्हता. टकलाची लाज वाटायची हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि बोलत कुणी नसे. ते गुळगुळीत डोकं दुपारच्या उजेडात उघडं पडलं. गुरम्माने तोंडात पदर कोंबला.

"ज्ञान्या," ते म्हणाले, "माजा फेटा गेला. आता बोल."

ज्ञानूचा चेहरा वेडावाकडा झाला. "आप्पा, मी माझ्या हातानं—"

"तुझ्या हातानं नको," हिंदुराव म्हणाले.

ते भिंतीकडून वळले आणि मेजाला वळसा घालून भावासमोर येऊन उभे राहिले. दोन्ही हात उचलले आणि टोपीच्या अलीकडेच थांबवले.

"ज्ञान्या, तू म्हणालास ते खरं आहे," ते म्हणाले. "मला शाळा जाईल याची भीती वाटते. रस्त्यावर शिपाई दिसला की मी गल्ली बदलतो. मी देवाचं नाव घेऊन तुझ्यावर ओरडलो, पण बोलत होती ती भीती. मला तिची लाज वाटते."

"दादा," ज्ञानू म्हणाला, "मला बी लई भ्या वाटतंय. तुमी अडवाल, म्हणून तर मी भांडत हुतो. अडवलं असतं तर बरं झालं असतं."

हिंदुरावांनी टोपी काढली आणि दोन्ही हातांत छातीशी धरली. त्या हातांत कायद्याने बंदी घातलेली वस्तू आहे, आणि दाराशी हवालदार बसलाय, हे त्यांच्या ध्यानातही नसावं. बिरप्पा उठू पाहत होता. सोजरबाई त्याच्याकडं नुसत्या बघत राहिल्या, तसा तो खाली बसला आणि छताकडं बघू लागला.

पाळकसाहेबांनी कडक भाकर उचलली, आभार मानले आणि मोडली. ती अशी काही कडाडली, की बिरप्पा स्टुलावरून उडाला आणि बंदूक रोखूनच उभा राहिला. "कुणी उडवली? कुणी उडवली?"

"भाकर हाय, बाबा," गुरम्मा म्हणाली. "बस."

मग सगळेच हसले. पाळकसाहेबसुद्धा, हातात मोडलेली भाकर तशीच धरून. हसता हसता ताटली फिरली, आणि दोघा भावांनी एकाच तुकड्याचे दोन तुकडे करून खाल्ले. हिंदुरावांनी प्याला ज्ञानूच्या ओठाला लावला. लहानपणी औषध पाजायचे तसा, एक हात त्याच्या मानेमागं धरून. गाणं म्हणताना धोंडीरामांनी असा आवाज लावला, की पलीकडच्या गल्लीतली माणसं खिडक्यांशी आली.

गाणं संपल्यावर हिंदुरावांनी टोपी झटकली, नीट घडी बघून भावाच्या डोक्यावर ठेवली आणि तिची टोकं सारखी केली.

"बरं," बिरप्पा म्हणाला. तो नाक पुसत होता. "आता उरकून घ्या. आज्जी, म्हना व्हय."

पाळकसाहेबांनी पुन्हा पुस्तक उघडलं. धोंडीराम उघड्या डोक्याने, अंगातला सदरा ओढत, नवऱ्या मुलासारखे ताठ उभे राहिले.

सोजरबाईंनी त्यांच्याकडं खूप वेळ पाहिलं. "हा मानूस मला पसंत हाय," त्या म्हणाल्या. "मला कुणी कधी बी इचारलं असतं तरी ह्यालाच घेतला असता. पर व्हय म्हननार न्हाय."

"आई!"

"ज्ञानू परत येईस्तवर न्हाय. आईबापाचं लगीन लेकरानं बघायचं असतं व्हय? न्हाय बघत कुणी. ह्या दोगांना बघायला मिळतंय, तर दोगं बी हजर पायजेत. ज्ञानू यील तवा व्हय म्हनीन. तवर लगीन चालू हाय."

"आणि म्या तवर कोण?" धोंडीरामांनी विचारलं.

"नवरदेव. आणि लगीन न लागलेल्या नवरदेवानं भायेरच्या खोलीत निजायचं."

बिरप्पाने कपाळाला हात लावला. "आज्जी, मी कागदावर काय लिवू?"

"खरं तेच लिव."

हवालदाराने पासाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलं: लग्न अपुरे आहे. चालू आहे. मग त्याने पास परत हिंदुरावांच्या हातात दिला.

सोमवारी सकाळी ज्ञानू गेला. हिंदुराव त्याच्याबरोबर नाक्यापर्यंत चालत गेले, शाळेच्या कोटात, सगळ्यांना दिसतील असे. धरायला आले तेव्हा शिपायाने टोपी उडवली. ती हिंदुरावांनी उचलली आणि घरी आणून केराबाईजवळ दिली. मग ते शाळेत गेले आणि पोरांना आज्ञा पाठ करून घेतल्या. रात्री धोंडीरामांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत पडलं. म्हातारा तक्रार करत होता, पण त्या तक्रारीत एक मिजास होती, आणि आतून सोजरबाई उत्तरं देत होत्या. केराबाईने त्या रात्री देवाजवळ एकच मागितलं, की म्हातारीला आयुष्य दे, हट्ट तिच्याजवळ पुरेसा आहे.

पुढच्या रविवारी दुपारी पाळकसाहेब आले. गुरम्मा आली, कल्लप्पाला घेऊन. मंडळीतली दोन म्हातारी जोडपी आली, ज्यांनी कायदा लागल्यापासून घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. कुणी विचारलं तर लग्नाला चाललोय म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. केराबाईने मेजाच्या एका टोकाला रिकामा पाट मांडला. बिरप्पा बंदूक काखेत घेऊन आला, स्टूल स्वतःच ओढून घेतलं आणि पास मागितला. पुढून वाचला, मागून वाचला.

"आज तरी व्हय म्हनताय का, आज्जी?"

"न्हाय."

"मग बसा सगळी," बिरप्पा म्हणाला, आणि डोक्यावरची पोलिसी टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली.